पडलो नाय, बसलो

माणूस म्हातारा झाला की त्याच्याकडं दोन गोष्टी आपोआप साठतात. एक, जुन्या चपला. दुसरी, पडण्याचे किस्से. चपला तरी कुत्रं पळवतं, किस्से कोण नेणार? एकानं आपलं पडणं सांगितलं की दुसऱ्याला स्वतःचं आठवतं. दुसऱ्याचं ऐकून तिसरा चौथ्याचं सांगतो. खळ्यात पेंढ्याची उडवी चढावी तसं ते चढत जातं. मी काही शिकलेला माणूस नाही. पण पडण्यातलं मला विचारा!

शेणव्याच्या पुढं, आमच्या गावाच्या फाट्यावर सिमेंटचा एक पाईप आहे. भातसाचं धरण बांधताना कुणीतरी टाकून गेलं. अर्धा मातीत रुतलाय, अर्धा वर. बसायला बरोबर गुडघ्याएवढा. त्यावर आम्ही चौघं बसायचो.

एक मी, भिवा. धरणावर दगड फोडले, नंतर भातशेती केली. दुसरा गोविंदतात्या. त्याची बायको वारलेली, घरात एकटा, सोबतीला एक म्हैस, आणि आवाज असा की म्हैस दचकावी. तिसरा ऑपरेटर. धरणाच्या दरवाज्यांवर नोकरीला होता, पेन्शनीत निघाला. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवत असेल की नाही, देव जाणे. चौथा जान्याबाबा, रानात मध काढणारा, आमच्यात सगळ्यात वडील. किती वडील, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

चौघांचे मिळून गुडघे आठ. त्यातले चालू तीन!

* * *

पहिला मान तात्याचा, कारण पुढचं सगळं त्याच्यापासून सुरू झालं.

तात्याच्या घरात माळ्यावर पेंढा असायचा. म्हशीला घालायला तो रोज शिडीनं वर चढायचा. सत्तरी कधीच उलटलेली. लोकांनी सांगून पाहिलं, तर म्हणायचा, "शिडी माजी, माळा माजा, तुमचं काय जातं?"

एक दिवस शिडीची पायरी निसटली. पेंढा खाली आला आणि पेंढ्यावर तात्या आला. नशीब, की या क्रमानंच आले.

आवाज ऐकून शेजारची पुष्पा धावली. पुष्पा म्हणजे तात्याच्या पुतण्याची बायको. सासऱ्याच्या जागी मानून ती त्याला मामा म्हणायची. दोन वेळची भाकरी तीच द्यायची.

"मामा, पडलात?"

तात्या पेंढ्यात पाय पसरून, टोपी सरळ करत म्हणाला, "पडलो नाय, बसलो."

"वरून खाली?"

"मंग, खालून वर बसतात काय?"

पुष्पा हसली नाही. तिनं कल्याणला फोन केला. तिथं तात्याचा मुलगा सुनील राहायचा, तिसऱ्या मजल्यावर. रविवारी तो आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "बाबा, शेवटचं सांगतो. आणखी एकदा पडलात की म्हैस विकायची, घराला कुलूप लावायचं आणि तुम्ही कल्याणला यायचं. कायमचं."

तात्यानं मागं एकदा आठ दिवस कल्याणला काढले होते. कल्याणचं नाव काढलं तरी त्याचा चेहरा पडायचा. "भिवा, तिथं खाली उतरायला तीन जिने. उतरून जायचं कुटं? तर परत वर!"

त्या दिवसापासून आमच्या चौघांत कुणी पडलं नाही. आम्ही टेकलो, वाकलो, कलंडलो, जमीन जवळून पाहिली. पडलं मात्र कुणीच नाही.

* * *

पुष्पा वाईट बाई नव्हती, हे आधी सांगतो. सुनीलनं तिला लक्ष ठेवायला सांगितलं होतं आणि ती मन लावून ठेवायची. पूर्वी फोन करायला तिला शेणव्याला बूथवर जावं लागायचं. तेवढ्यात राग निवायचा, अर्धं विसरायला व्हायचं. मग सुनीलनं तिला मोबाईल आणून दिला आणि आमचे दिवस फिरले.

गावात रेंज एकाच ठिकाणी यायची. उकिरड्याच्या बांधावर. तिथं चढून, एका हातानं पदर सांभाळत, पुष्पा कल्याणला वर्दी द्यायची. अख्खं गाव ऐकायचं.

तात्या म्हणायचा, "मानसाची आब्रू उकिरड्यावर जाते आसं ऐकलं व्हतं. तिथून कल्यानला जाते, हे नवीन!"

* * *

ऑपरेटरचं तर झेंडावंदनाला झालं.

त्याला बीपीची गोळी होती. रात्रीची गोळी घेतली की नाही हे सकाळी आठवेना. म्हणून त्यानं रात्रीची घेतली आणि सकाळचीही घेतली. पोटात चहासुद्धा नाही, आणि इस्त्रीचा शर्ट घालून शाळेच्या मैदानात सगळ्यात पुढं उभा. धरणावरची सवय. तिथं म्हणे तो साहेबांच्या शेजारी उभा राहायचा.

पाहुणे उशिरा आले. ऊन चढलं. झेंडा वर गेला, फुलं पडली, राष्ट्रगीत सुरू झालं आणि पहिल्याच ओळीला ऑपरेटर सरळ पुढं आडवा झाला. वाकला नाही, लटपटला नाही. खांब पडावा तसा.

आता राष्ट्रगीत चालू असताना हलायचं नाही, हे पोरांना शाळेत शिकवलेलं. आम्हालाही ठाऊक. सगळं गाव सावधान! गुरुजी सावधान, सरपंच सावधान, ऑपरेटरची बायको सावधान. माना सरळ, पण सगळ्यांचे डोळे तिरके होऊन जमिनीवर. एक पोरगी रडकुंडीला आली, तरी सुरात म्हणत राहिली.

जयजयकार संपला तेव्हा आम्ही धावलो. मी त्याचं तोंड पुसलं. नाकाला माती लागली होती, बाकी सगळं जागेवर होतं.

"ऑपरेटर, चक्कर आली काय रे?"

त्यानं एक डोळा उघडला. समोर पुष्पा उभी दिसली. लगेच म्हणाला, "चक्कर कसली? झेंड्याला साष्टांग घातला."

पुढच्या वर्षी मुलांनी विचारलं, "गुरुजी, आपन पन घालायचा काय?"

* * *

जान्याबाबाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. तो असताना बाबा कधी पडला नाही. दगड, खड्डा, ओहोळ, सगळं पायानं ओळखायचा.

मग शिबिरात ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा मिळाला. आठ दिवसांत बाबा चार वेळा पडला! म्हणजे, टेकला.

पहिल्यांदा रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडायला त्यानं एवढा पाय उचलला की दुसरा पायही सोबत आला. दुसऱ्यांदा सावलीवरून उडी मारली. तिसरी वेळ विहिरीच्या वाटेवर, आणि चौथीही विहिरीच्याच वाटेवर.

मी काळजीनं विचारलं, "बाबा, आता दिसतंय ना? मंग कसं काय?"

बाबानं चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, सावकाश परत घातला.

"आरं भिवा, आंधला व्हतो तवा पायाखाली ध्यान द्यायचो. आता विहिरीवर बाया दिसतात. खालती कोन बघतो?"

ऑपरेटरनं विचारलं, "बाबा, या वयात?"

"वय पायाला झालं. डोला नवा हाय!"

* * *

माझंही सांगतो. नाही तर म्हणाल, भिवा दुसऱ्यांचंच सांगतो.

माझी मुलगी मुरबाडला दिलेली. तिनं मला एक काठी आणली. चकचकीत, वर गोल मूठ, खाली रबराचं बूड. म्हणाली, "बाबा, हिच्याशिवाय पाऊल टाकायचं नाय." मी शब्द दिला.

आषाढात भाताची लावणी आटपलेली. मी बांधावरून पाणी बघायला निघालो. पोर होतो तेव्हापासून त्या बांधावरून चाललो होतो, तेही डोक्यावर आवणाचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, भारा घेऊन. पण त्या दिवशी हातात काठी होती. पाऊल टाकायच्या आधी काठी टाकली आणि ती नेमकी खेकड्याच्या बिळात गेली. रबराच्या बुडासकट, हातभर आत. काठी तिथंच उभी राहिली, आणि मी चिखलात.

निघता येईना. दोन्ही हात कोपरापर्यंत रुतलेले. म्हटलं, घाई कशाला? आभाळ बघत राहिलो. एक बगळा आला, माझ्याकडं बघून गेला.

बऱ्याच वेळानं बायको आली, सुंदरा. बांधावर उभी राहिली. आधी माझ्याकडं पाहिलं. मग काठीकडं पाहिलं. काठी कशी ताठ, स्वच्छ!

आमच्या पोराला तिनं हाक मारली, "आरं ये इकडं! आदी ती काठी काढ. ती कामाची हाय."

* * *

आता तात्याची एक गंमत. ती अजून पुष्पाला माहीत नाही. आता कळली तरी हरकत नाही.

मुरबाडकडं ऑपरेटरच्या भाच्याची हळद होती. आम्ही चौघं जीपमध्ये कोंबून गेलो. पुष्पाही बायांबरोबर आलेली. हळदीला काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. मंडपाच्या मागं थोडं थोडं सगळ्यांनी घेतलं. तात्यानं थोडं थोडं तीनदा घेतलं.

बेंजो जोरात चालू होता. तात्या मंडपातून पलीकडं जायला निघाला आणि सांडलेल्या हळदीच्या पाण्यावरून पाय गेला. सरळ पोटावर! आणि समोर, दहा पावलांवर, बायांच्या घोळक्यात पुष्पा. तिची मान वळायला लागली होती.

मला काय सुचलं कोण जाणे. मी जन्मात कधी नाचलो नाही. पण खांद्यावरचा रुमाल काढला, एक टोक दातात धरलं, दुसरं हातात धरलं आणि तात्याच्या डोक्यावर पुंगी वाजवायला लागलो! ऑपरेटर शहाणा माणूस. त्यानंही रुमाल काढला. बेंजोवाल्यानं बघितलं आणि सूर बदलला.

तात्यानं खालून माझ्याकडं पाहिलं. मग त्याला कळलं. त्यानं दोन्ही हात डोक्यावर जोडून फणा काढला आणि लागला सरपटायला. चार पोरं बाजूला आडवी झाली. कुणी तरी ओरडलं, "म्हाताऱ्याला नागीन येते रे!" बायांनी टाळ्या धरल्या. पुष्पा सगळ्यात पुढं!

गाणं संपेना. मंडपभर दोन वेढे झाले. शेवटी तात्या माझ्या पायाशी येऊन पुटपुटला, "भिवा, पुंगी थांबव रे, माजा सदरा फाटला."

दुसऱ्या दिवशी उकिरड्यावरून आवाज आला, "भावजी, काय काळजी करू नका! मामा एकदम फिट हायेत!"

* * *

पण दिवस सगळे सारखे नसतात.

आमच्या विहाराच्या ओट्यापुढं एकदा शिबिर झालं. तरुण डॉक्टरीणबाई आल्या, बरोबर एक नर्सबाई. विषय काय, तर म्हाताऱ्यांचं पडणं! गाव गोळा झालं. आम्ही चौघं पुढं, आणि आमच्या मागं हाताची घडी घालून पुष्पा.

बाई चांगल्या बोलल्या. सैल चपला घालू नका. झोपेतून एकदम उठू नका, आधी बसा, मग उभे राहा. गोळ्या विचारल्याशिवाय कमी-जास्त करू नका. घरात फरशी ओली ठेवू नका.

जान्याबाबा म्हणाला, "बाय, माज्या घरात फरशीच नाय. शेन हाय."

"बरं. गेल्या वर्षभरात कोण कोण पडलं? हात वर करा."

एक हात वर नाही. ऑपरेटरच्या बायकोनं त्याचा हात धरून वर केला. त्यानं दुसऱ्या हातानं तो खाली ओढला.

"एकसुद्धा नाही?" बाई चकित झाल्या. "कमाल आहे. मी पाहिलेलं हे पहिलंच गाव!"

मग त्यांनी परीक्षा लावली. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, समोरच्या कडुनिंबापर्यंत चालायचं, वळायचं, परत येऊन खुर्चीवर बसायचं. नर्सबाईंच्या हातात घड्याळ. "आजोबा, घाई नको हं. नेहमीसारखं चाला."

पहिला नंबर तात्याचा. त्यानं एकदा मागं पुष्पाकडं पाहिलं, धोतर खोचलं आणि असा सुटला की बैल सुटावा. कडुनिंबाला हात लावला, गर्रकन वळला. नर्सबाईंना वाटलं, हे आजोबा यायला वेळ आहे. त्यांनी खुर्ची उचलून जान्याबाबासाठी सावलीत ठेवली.

तात्या आला. छाती काढून, तोंड गावाकडं करून, ऐटीत बसला.

खाली काही नव्हतं.

तात्या खालूनच म्हणाला, "पडलो नाय, बसलो. बाईंनीच सांगितलं व्हतं, येऊन बसा."

डॉक्टरीणबाई त्याला उठवत म्हणाल्या, "वेळ मात्र फार चांगली दिलीत, आजोबा."

तात्याचं तिकडं लक्ष नव्हतं. तो माझ्यामागं बघत होता. मी वळलो. पुष्पाची जागा रिकामी होती. लांब उकिरड्याच्या बांधावर तिचा पदर फडफडत होता.

* * *

श्रावणातल्या रविवारी सुनील जीप घेऊन आला. यावेळी त्याच्यापुढं कुणाचं चाललं नाही. म्हैस माझ्याकडं बांधायची ठरली, गिऱ्हाईक मिळेपर्यंत.

तात्यानं दाव्याचं टोक माझ्या हातात दिलं. त्याचा तो मोठा आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. म्हणाला, "हिच्याशी बोलत जा रे. एकटी ऱ्हायली की चारा खात नाय." मग थोडं थांबून, "मी बी नाय खात."

मी दावं धरून उभा राहिलो.

तात्याच्या ओटीला तीन पायऱ्या, काळ्या दगडाच्या. श्रावणात त्या हिरव्या होतात, वर शेवाळ धरतं. तात्या बोचकं घेऊन अनवाणी उतरला, अंगठा रोवत, एक एक पायरी. बोचकं जीपमध्ये टाकलं आणि मागं वळून म्हणाला, "सुनील, बूट काढ. अंगठा रोवून उतर."

"बाबा, हे बूट घसरत नाहीत. भारी कंपनीचे आहेत."

कंपनीचा बूट त्याच्याआधी खाली पोचला. सुनील मागून आला, तिन्ही पायऱ्या मोजत.

सुनीलचं वजन म्हणजे भाताचं भरलेलं पोतं. आम्ही चौघं धावलो. ऑपरेटरनं हुकूम सोडला, "मी तीन म्हनलो की उचला! एक, दोन, तीन!" तीनला जान्याबाबा सुनीलच्या पोटावर बसला. शेवटी जीपच्या ड्रायव्हरनं आधी बाबाला उचललं, मग सुनीलला.

तोवर पुष्पा उकिरड्यावर पोचली होती. सुनीलच्या बायकोनं फोन उचलला.

"अगं, पडले! पायऱ्यांवरून पडले!"

पलीकडचा आवाज आम्हाला खालपर्यंत ऐकू आला. "मला माहीतच होतं! या वयात एकटं राहायचा हट्ट! मामंजींना आत्ताच्या आत्ता इकडे आणा!"

"अगं मामा नाय! तुजा नवरा!"



* * *

शहापूरला नेलं, फोटो काढला. घोटा मोडला होता. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, दीड महिना जिना चढायचा नाही.

कल्याणला तिसरा मजला, लिफ्ट नाही.

तात्या म्हणाला, "आमच्याकडं तीन पायऱ्या हायेत. तेवड्या उचलून नेऊ." जीप कल्याणला जायची ती बोचक्यासकट परत गावात आली.

पण सुनील बापाचाच मुलगा. खाटेवर पडल्या पडल्या म्हणाला, "बाबा, ठरलं ते बदललेलं नाही. प्लास्टर निघालं की आपण दोघं बरोबर जायचं." तात्या हो म्हणाला आणि म्हशीला माझ्याकडून परत घेऊन गेला. "दीड म्हयना तर दीड म्हयना," म्हणाला.

दर रविवारी सुनीलची बायको यायची. गोळ्या मोजायची, उशा लावायची आणि जाताना नवऱ्याला बजावायची, "इथे शेवाळ, शेण, ओली न्हाणी. पुन्हा पडलात असं कळलं ना, तर सरळ उचलून डोंबिवलीला दादाकडे नेईन. त्याचा तळमजला आहे."

दादा म्हणजे तिचा भाऊ. तो एकदा तिच्याबरोबर आला होता. पहाटे पाचला उठून सुनीलला गरम पाण्यात लिंबू पिळून पाजलं आणि दुपारपर्यंत शेअरबाजार समजावला. तो गेल्यावर सुनील बराच वेळ भिंतीकडं तोंड करून पडला होता.

महिना झाला असेल. सकाळची वेळ. मी तात्याच्या ओटीवर बसलो होतो, तो गोठ्यात धार काढत होता. त्यानं सुनीलला सांगून ठेवलं होतं, न्हाणीत एकट्यानं जायचं नाही, हाक मारायची. तेवढ्यात घरामागून आवाज आला. धप्प!

आम्ही गेलो. न्हाणीचा गोणपाटाचा पडदा बाजूला केला. सुनील जमिनीवर, अर्धी आंघोळ झालेली, एका कानात साबण. प्लास्टरचा पाय मात्र भिजू नये म्हणून त्यानं दगडावर उंच ठेवलेला.

"लागलं काय रे?" तात्यानं विचारलं.

"नाही."

"पाय?"

"पाय बरा आहे." मग सुनील एकदम हळू आवाजात बोलला. एवढ्या हळू मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. "बाबा, कल्याणला कळू देऊ नका. ती मला दादाकडं नेऊन ठेवेल."

तात्यानं दुधाची चरवी माझ्याकडं दिली. न्हाणीतल्या दगडावर सावकाश टेकला, पोराच्या समोर.

"आनि माजं? प्लास्टर निघाल्यावर?"

सुनील सावकाश कानातला साबण काढत राहिला. केसांतून पाणी गळत होतं. तात्यालाही घाई नव्हती.

"तुमचं राहू दे, बाबा."

"ऱ्हाऊ दे म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही राहा. इथंच."

"आनि पडलो तर?"

"मला काही कळलेलं नाही."

"भिवा, ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हणालो.

तेवढ्यात भिंतीपलीकडून पुष्पाची हाक आली. "मामा! ओ मामा! कसला आवाज झाला?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. तात्यानं आपला तो मोठा आवाज काढला, "काय नाय गो! हंडा पडला!"

"हंडा? रिकामा का भरलेला?"

तात्यानं एकदा पोराच्या पोटाकडं पाहिलं.

"भरलेला!"